बाबा, परतीचं विमान हळू चालत नाही

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि ऑफिसात एकटीच हसत बसले. फ्रँकफर्ट ते लिस्बन येताना दोन तास आणि परत जाताना चार तास, म्हणजे परतीला मधे कुठेतरी थांबणार आणि मी स्वस्तातलं तिकीट काढून गप्प बसलेय, असंच ना? नाही हो, दोन्ही डायरेक्ट आहेत. तिकिटावर छापतात ती वेळ त्या त्या गावची, आणि पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे. तुम्ही दादाकडून 10 ला उडणार, इथे 12 ला उतरणार, पण तेव्हा दादाच्या घड्याळात 1 वाजलेला असेल, झाले तीन तास. जाताना उलटा हिशोब, चारातून एक वजा, परत तीनच.

अंतर म्हणाल तर सरळ रेषेत साधारण 1,870 किमी, म्हणजे मुंबई-कोलकात्याहून थोडं जास्तच. आता तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसणार की विमान ताशी साडेआठशेने जातं तर सव्वादोन तासात का नाही पोचत, म्हणून आधीच सांगते, फ्रँकफर्टला गेटपासून रनवेपर्यंत जाण्यातच बराच वेळ जातो, मग चढताना-उतरताना स्पीड कमी, हे सगळं त्या तीन तासात धरलेलं असतं. आणि गंमत बघा, कागदावर लांब दिसणारी ती परतीची फ्लाइटच बहुतेक वेळा लवकर पोचते, कारण तिकडे उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, येताना तो समोरून लागतो आणि जाताना मागून ढकलतो. मुंबई-फ्रँकफर्टचंही तेच, म्हणून घरी परतताना कमी तास लागतात.

अजून एक तुमच्या आवडीची माहिती. युरोपात विमान कंपनीच्या चुकीने तीन तासांवर उशीर झाला तर पैसे मिळतात, 1,500 किमीपर्यंत माणशी 250 युरो आणि आपलं अंतर त्याच्या वर म्हणून 400. आता उशीर व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसू नका.

आई, तुझ्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय, 48 तास आधी कळवावं लागतं आणि पैसे पडत नाहीत, त्यामुळे 'मी चालेन हळूहळू' हे तिथे म्हणायचं नाही, फ्रँकफर्टला खरंच खूप चालावं लागतं. पासपोर्टची रांग मुंबईहून आल्यावर फ्रँकफर्टलाच होते, लिस्बनला परत नसते, पण पासपोर्ट हाताशी ठेवाच. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत.

खिडकी आईला द्या बाबा, प्लीज. उत्तरेचा वारा असला तर विमान तेजो नदी ओलांडून थेट शहराच्या छपरांवरून उतरतं, इतकं खाली की लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतील असं वाटतं. एअरपोर्ट शहरातच आहे, खालून मेट्रो आहे, पण सामान बघता आपण टॅक्सीच करू. आणि हो, मावशीला सांगा, तिच्या वास्को गावाला ज्याचं नाव आहे त्याची कबर इथेच आहे, जेरोनिमॉसच्या मठात, सोमवारी मठ बंद असतो म्हणून आपण मंगळवारी जाऊ.

दादाला सांगून बोर्डिंग पासची प्रिंट घ्या, मोबाईलची बॅटरी ऐनवेळी जाते तुमच्या.

तुमची,
मनू