डिस्क गायब नसते, ड्रायव्हर नसतो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) लेख आला, विषय घेतलात ते बरंच झालं, पण 'आतल्या विंडोजला फसवलं जातं' एवढं म्हणून विषय मिटवलाय ते काही पटलं नाही. अहो, आत चक्क हजेरी घेतली जाते. बूट होताना ओएस (विंडोज-लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम) पीसीआय बसवरच्या, म्हणजे कार्डं जोडायच्या मार्गावरच्या, एकेका जागेला विचारत जाते की बाबा तू कोण, आणि खरं कार्ड असतं तर ते आपल्या कंपनीचा नंबर आणि डिव्हाइसचा नंबर देतं, व्हीएममध्ये हा प्रश्न हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) मध्येच अडवतो आणि क्यूईएमयूसारखा, नकली हार्डवेअर उभं करणारा प्रोग्राम त्याचं उत्तर देतो. जागा रिकामी असेल तर सगळे बिट १ येतात, ओएस पुढे सरकते. इंटेलचं जुनं ई१००० नेटवर्क कार्ड दिलं असेल तर ८०८६ आणि १००ई असं उत्तर मिळतं. (१९७८ च्या आपल्या प्रोसेसरचा आकडाच इंटेलने कंपनीचा नंबर म्हणून घेतलाय, हौसेला मोल नाही!) मग त्या जोडीला बसणारा ड्रायव्हर (ते डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम) शोधायचा, झालं.

आणि लपवालपवी म्हणाल तर तीही फारशी नसते, सीपीयूआयडीने (प्रोसेसरला ओळख विचारायची सूचना) विचारलं की केव्हीएम (लिनक्समधला हायपरवायझर) आपलं नाव सलग तीनदा सांगून मोकळा होतो.

हे सगळं लिहायचं कारण, क्लासमध्ये पोरं केव्हीएमवर विंडोज टाकायला बसतात आणि सेटअपमध्ये डिस्कची यादी कोरी दिसली की लगेच 'सर डिस्कच नाहीये' म्हणून ओरडतात. डिस्क असते हो! ती व्हर्टआयओची, म्हणजे खास व्हीएमसाठी बनवलेल्या नकली हार्डवेअरपैकी असते, कंपनीचा नंबर १एएफ४, आणि विंडोजच्या सीडीत तिचा ड्रायव्हरच नसतो, म्हणजे उत्तर आलं पण ओळखणारं कुणी नाही. व्हर्टआयओ-विनची आयएसओ (विंडोजसाठीच्या या ड्रायव्हरांची सीडी-फाइल) व्हीएमच्या दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबा, आपल्या विंडोजचं फोल्डर निवडा, डिस्क हजर. लिनक्सवाल्यांना हा त्रास नाही, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) हे ड्रायव्हर २००८ पासून आहेतच.

तेव्हा पुढच्या भागात जरा हे छापा, आणि लिनक्समध्ये एलएसपीसीआय कमांड -एनएन लावून चालवली की हे सगळे नंबर स्क्रीनवर दिसतात तेही सांगा, म्हणजे वाचक स्वतःच बघतील.

– एक कॉम्प्युटर क्लासवाला, सांगली