आप्पा, कायदा त्या देशाचाच असतो

जिनिव्हा, ८ जून

तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार. मायलाही नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलेत, की एखाद्या देशाने घातक रसायनांवरचा आपला कायदा दुसऱ्या देशांच्या पैशाने का करावा, आणि तसा केलेला कायदा त्याचा स्वतःचा कसा राहील. मी घाईत दिलेले उत्तर तुम्हाला पटले नाही, आणि फोन ठेवल्यावर मलाही पटले नाही. म्हणून आज सवडीने लिहिते.

सुरुवात आपल्याच शिवारापासून करते. मी सातवीत असताना कपाशीवर फवारणी करता करता भिकाभाऊ बांधावर कोसळले होते, ते तुम्ही विसरला नसाल. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, ‘कोणते औषध मारत होते?’ हा. औषध आणले होते सुटे, दुसऱ्याच बाटलीत ओतून. त्यामुळे नाव कोणालाच सांगता येईना. तुम्ही पुन्हा गावात आलात, ज्याच्याकडून घेतले होते त्याच्याकडचा डबा शोधलात, त्यावर लाल त्रिकोण होता, आणि तो डबाच काखेत मारून परत गेलात. भिकाभाऊ वाचले. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे त्या रात्री तुम्हीच मला ओट्यावर बसून समजावलेत. हा त्रिकोण डब्यावर आला तो एका कायद्यामुळे, आणि तो कायदा आला एका दुर्घटनेनंतर. १९५८ साली केरळात धान्याच्या पिठात कीटकनाशक मिसळले जाऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, आपला कीटकनाशक कायदा झाला. भोपाळ १९८४ सालचे, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ सालचा, आणि धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांचे नियम १९८९ सालचे. आधी माणसे गेली आणि मग नियम आले, हा क्रम मला फार लागतो, आप्पा.

हा क्रम उलटा करता यावा, म्हणजे माणसे पडण्याआधी नियम असावेत, यासाठी इथले काम चालते. ज्या देशांत शेतीची औषधे, रंग, साबण-सोडा, कातडी कमावण्याची द्रव्ये असे सगळे बाहेरून येते, पण काय आले, किती आले आणि कोणी आणले याची नोंद ठेवणारे एकही टेबल नाही, असे देश आजही आहेत. बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यापुढे जो सांकेतिक क्रमांक येतो, त्या एकाच क्रमांकाखाली अनेक रसायने मोडतात. त्यांतले बंदी घातलेले कोणते, हे कागद पाहून त्याला कळत नाही. रॉटरडॅम करार १९९८ साली झाला आणि २००४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे यादीतले घातक रसायन आपल्या देशात येऊ द्यायचे की नाही, हे आयात करणारा देश आधीच कळवू शकतो. हा मोठाच अधिकार आहे. परंतु तसे विचारणारे पत्र आले की त्याला उत्तर लिहिणारा जाणता माणूस सरकारात नसेल, तर अधिकार कागदावरच राहतो.

आता पैशाचे. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने रसायनांविषयीचा एक विशेष कार्यक्रम मान्य केला. विकसनशील देशांनी आपली संस्था, आपले नियम आणि आपली तपासणी यंत्रणा उभी करावी, एवढ्यासाठीच तो आहे. साधारणपणे ५० हजार ते अडीच लाख डॉलरपर्यंतचे अनुदान मिळते, आणि मिळालेल्या रकमेच्या किमान चौथ्या हिश्श्याइतका वाटा त्या देशाने स्वतः उचलावा लागतो. अर्ज देशाचे सरकार करते, उणीव कोठे आहे ते तेच सांगते, आणि कायदा त्याच्याच संसदेत होतो. विहीर आपल्याच शेतात, आपल्याच माणसांनी खणायची. शेजाऱ्याने दिलेला असतो तो पाणाड्या आणि पहार. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

त्या पाणाड्यांत स्वीडनची रसायन संस्था मला विशेष वाटते. ती १९८६ साली, म्हणजे आपला पर्यावरण कायदा झाला त्याच वर्षी स्थापन झाली, आणि इतर देशांतल्या अधिकाऱ्यांना ती वर्षानुवर्षे शिकवत आली आहे. तिची शिकवण ऐकायला साधी आहे: जो रसायन तयार करतो किंवा देशात आणतो, त्याने ते कशाचे आहे, किती घातक आहे, हे आधी जाणून घ्यावे, डब्यावर लिहावे, आणि सरकारी देखरेखीचा खर्चही शुल्काच्या रूपाने त्यानेच द्यावा. आपल्याकडे नेमके उलटे झाले होते, आप्पा. डब्यात काय आहे हे शोधण्याचे ओझे भिकाभाऊंवर, तुमच्यावर आणि त्या डॉक्टरांवर येऊन पडले, आणि तेही वेळ निघून जात असताना.

असे नियम केले तर शेतकरी उघडा पडेल, ही तुमची भीती मला समजते, कारण बोंडअळीचे वर्ष मीही पाहिले आहे. पण श्रीलंकेकडे पाहा. त्यांनी १९८० साली कीटकनाशक नियंत्रण कायदा केला, आणि १९९५ पर्यंत मोनोक्रोटोफॉससारखी सर्वांत जहाल औषधे टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. पुढच्या वर्षांत तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणावर घटल्या, आणि पिकाच्या उताऱ्यात त्यामुळे घट झाली नाही, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्याच मोनोक्रोटोफॉसने २०१३ साली बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून २३ लेकरांचा जीव घेतला. हा आकडा मी जेव्हा जेव्हा लिहिते, तेव्हा हात थांबतो.

इथल्या कामात मला एक दोष दिसतो, तोही तुम्हाला सांगते. अनुदान दोन-तीन वर्षांचे असते. तेवढ्यात अधिकारी शिकून तयार होतो, आणि पैसा संपला की त्याची बदली होते. नोंदवही तिथेच थांबते. म्हणून ज्या देशाने पहिल्याच वर्षी कायद्यात शुल्काचे कलम घातले आहे, त्याचा अहवाल मी अधिक विश्वासाने वाचते. सप्टेंबर २०२३ मध्ये बॉन शहरी रसायनांविषयीचा नवा जागतिक आराखडा मान्य झाला, त्याच्यासाठी वेगळा निधीही ठरला. परंतु निधीने टेबल मांडता येते, त्यावर रोज बसणाऱ्याचा पगार मात्र त्या देशानेच आपल्या तिजोरीतून द्यायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता तुमच्याकडे एक मागणे. यंदाच्या फवारणीसाठी जी औषधे आणाल, त्यांच्या मूळ डब्यांचे आणि आत घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकाचे फोटो धाकट्याकडून काढून मला पाठवा. अक्षरे जेवढी बारीक आहेत तेवढीच दिसू द्या, मोठी करू नका. डब्यावरचा मजकूर वाचता येण्याजोगा असावा म्हणजे काय, यावर पुढच्या महिन्यात इथे चर्चा आहे, आणि बांधावर उभे राहून तो कसा दिसतो हे मला टेबलावर ठेवायचे आहे. सुटे औषध घेऊ नका. भिकाभाऊंचा मुलगा आता फवारणीला येतो असे माय म्हणाली. पंप पाठीवर घेण्याआधी त्याला औषधाचे नाव वाचून दाखवा, आणि तेच नाव खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

केळीला पाणी पुरते आहे का, ते कळवा. मायच्या गुडघ्याचे काय झाले, तेही.

आपली लेक,
वैशाली