वर्क परमिटचे पैसे घेऊन ‘आधी पर्यटक म्हणून जा’ सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
दादर कार्यालय, मुंबई

विषय : थायलंडमधील शाळेतील नोकरीसाठी वर्क परमिटचे काम न करणे, मूळ प्रमाणपत्राचे नुकसान व रक्कम परत मिळणे.

महोदय,

थायलंडच्या लोई प्रांतातल्या एका छोट्या शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी तुमच्यामार्फत माझी निवड झाली. त्यापोटी मी 85,000 रुपये भरले. पावतीवर ‘प्लेसमेंट, व्हिसा व वर्क परमिट’ असं छापलं आहे, झेरॉक्स सोबत आहे.

आता तुमचे प्रतिनिधी व्हॉइस मेसेजवर सांगतात, “मॅडम, साठ दिवस व्हिसाच लागत नाही. तिकीट काढा, शिकवायला लागा, परमिट मागाहून होऊन जाईल.” भारतीयांसाठी ही साठ दिवसांची सवलत 15 जुलै 2024 पासून लागू झाली हे मलाही ठाऊक आहे, पण शाळेतली नोकरी तिच्यात बसत नाही. त्यासाठी आधी इथून नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काढायचा असतो. तिकडे पोहोचल्यावर शाळा अर्ज करते, तेव्हा परमिट मिळतं. त्यावर त्या शाळेचं नाव असतं. परमिटविना शिकवताना सापडलं, तर शिक्षकाला 5,000 ते 50,000 बाट दंड होतो, वर देशाबाहेर काढतात. शाळेलाही प्रत्येक माणसामागे 10,000 ते 1,00,000 बाट दंड बसू शकतो. तिथल्या मुख्याध्यापिकांनी तर ‘बी व्हिसाशिवाय येऊच नका’ असं स्वच्छ कळवलं आहे. खेडेगावातल्या बाईंना जे माहीत आहे, ते तुम्हाला माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या पदवी प्रमाणपत्राची. साक्षांकनासाठी मूळ प्रत तुमच्याकडे दिली होती. ती परत आली ती चकचकीत लॅमिनेशन करून! काउंटरवरचा मुलगा वर म्हणाला, “खराब होऊ नये म्हणून केलं, त्याचे पैसे नाही घेतले.” अहो, आधी राज्याच्या मंत्रालयाचा आणि नंतर केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बसतो. तो आता प्लास्टिकवर मारायचा का? सोलायला गेलं तर कागद फाटतोय, एका कोपऱ्यातलं विद्यापीठाचं बोधचिन्ह निघूनही आलं आहे. दुय्यम प्रतीसाठी कलिन्याच्या परीक्षा भवनात खेटे मी घालते आहे. तुमच्याकडून साधा फोनही नाही.

शुल्काबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं की आम्ही रिक्रूटिंग एजंट नाही, फक्त सल्ला देतो. मग पावतीवर ‘प्लेसमेंट’ कशाला? परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला उत्प्रवास कायदा, 1983 नुसार नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तुमच्या बोर्डावर किंवा पावतीवर नोंदणी क्रमांक कुठेच दिसला नाही. असेल तर लेखी कळवा, मी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पडताळून घेईन.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेची कागदपत्रं माझ्याकडे आली आहेत, त्यामुळे व्हिसाचा अर्ज आता मीच करेन. तुम्ही पूर्ण रक्कम परत करा, दुय्यम प्रमाणपत्राचा खर्च द्या आणि तुमच्याकडे राहिलेली पोलीस क्लिअरन्सची मूळ प्रत आधी पाठवा. ती कुरिअरने नको, मी स्वतः येऊन सही करून घेईन. शाळेचं सत्र माझ्यासाठी थांबणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचे सरकारी अधिकारी) यांच्याकडे अर्ज देईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगातही जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. व्हॉइस मेसेज मी जपून ठेवला आहे.

आपली,
तक्रारदार ग्राहक
मुलुंड (पूर्व), मुंबई

सोबत : पावतीची झेरॉक्स, लॅमिनेशन केलेल्या प्रमाणपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो, मुख्याध्यापिकांच्या ई-मेलची प्रत.