आईच्या हाडांच्या निदानाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले सगळे रिपोर्ट मी नीट वाचले, आणि वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे ते हाडांचे इंजेक्शन आईने घेण्याआधी आपण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, अशी माझी तुम्हा दोघांना कळकळीची विनंती आहे.

डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात आणि आईचा आकडा त्याखाली आहे, हे खरे. परंतु ही तपासणी हाडांतले खनिज किती आहे एवढेच मोजते, ते का घटले हे सांगत नाही. ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ पडतात, त्या ऑस्टिओमलेशियातही आकडा असाच उतरतो. ऑस्टिओपोरोसिस सहसा हाड मोडेपर्यंत दुखत नाही. आई, तुझ्या मांड्या मात्र रात्रंदिवस ठणकतात, आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकल्याशिवाय तुला उठवत नाही. रक्ताच्या रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फेटेज हे ऑस्टिओमलेशियात वाढणारे एंझाइम वाढलेले असून त्या ओळीसमोर ठळक खूणही आहे, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्याचा उल्लेख नाही; ड जीवनसत्त्वाची तपासणी तर झालेलीच नाही. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

ऑस्टिओमलेशिया असेल, तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम योग्य मात्रेत मिळाल्यावर हाडे बहुधा पुन्हा बळकट होतात आणि दुखणेही ओसरते. उलट, कमतरता तशीच असताना ते इंजेक्शन दिले, तर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते.

डॉक्टरांना वाईट वाटेल, असे बाबा फोनवर म्हणाले. इतक्या वर्षांच्या ओळखीमुळे तुम्हाला संकोच वाटणे मी समजू शकते. पण दुसरे मत विचारणे हा अविश्वास नव्हे, आणि आईचे कुठलेही हाड मोडलेले नसताना थोडे दिवस थांबल्याने काही बिघडणार नाही.

एंडोक्रिनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या विकारांच्या तज्ज्ञांची) वेळ मी घेते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड हार्मोन या तपासण्यांबद्दल आपण त्यांना विचारू. हाडांतल्या मज्जेचा काही विकार नाही ना, याची खात्री करण्यासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तातली प्रथिने पाहणाऱ्या तपासणीबद्दलही विचारू. बाबा, डेक्साचा मूळ रिपोर्ट आणि आईच्या फिटच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी फाइलमध्ये आठवणीने ठेवा, कारण तसल्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही ड जीवनसत्त्व घटते. इंजेक्शनची तारीख तूर्त पुढे ढकलल्याचे तेवढे दवाखान्यात कळवा.

तुमची,
लेक