पांग म्हणजे कर्ज नव्हे

दहावीच्या निकालानंतर नौपाड्यात एक फ्लेक्स झळकला होता : ‘आईवडिलांच्या ऋणाचे पांग फेडले!’ शेजारचा आठवीतला मुलगा तो वाचून मला म्हणाला, ‘काका, पांग म्हणजे ईएमआय का?’ हसू आले, पण चूक त्याची नाही. ऋण, कर्ज, नवस सगळे आपण फेडतो, तेव्हा पांगही त्याच रांगेत बसला.

पांग म्हणजे गरज, परावलंबन, दैन्य. पांग फेडणे म्हणजे कुणाची ती नड कायमची दूर करणे. इथे फेडणे परतफेडीचे नाही, काढून टाकण्याचे आहे. जुनी माणसे लुगडे ‘फेडून’ दांडीवर टाकत, तसे. म्हणून ‘ऋणाचे पांग’ ही खिचडी आहे. आईवडिलांचे पांग फेडले, एवढे पुरे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी नर्स झाली. पहिल्या पगारात तिने किराणावाल्याची उधारीची वही बंद केली. मावशी पिठाचे हात तसेच धरून म्हणाल्या, ‘पोरीनं पांग फेडला बघा. आता कुणापुढं हात नाय पसरायचा.’ फ्लेक्सवाल्यांपेक्षा त्यांना शब्द नेमका कळला होता.

ठाण्यात 1893 पासूनचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. फ्लेक्स छापण्याआधी तिथला एखादा शब्दकोश चाळायला फार तर दहा मिनिटे लागतील. (पार्किंग शोधायला अर्धा तास, हे मान्य.)

– एक वाचक, नौपाडा, ठाणे