क्रूझला निघण्याआधी नातवंडांची वजनं लिहून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईहून गोव्याला क्रूझने जायची टूम सध्या आमच्या दांडिया बाजारात घरोघरी निघाली आहे. गेल्या फेब्रुवारीत मी लेक, जावई आणि दोन नातवंडांबरोबर जाऊन आले, तेव्हापासून ओळखीच्या बायका थांबवून विचारतात. जेवण कसं होतं, खोली केवढी, बोट लागते का? ड्रिलचं, म्हणजे संकट आलं तर काय करायचं याच्या सरावाचं, मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

बोट धक्क्यालाच उभी असते तेव्हा ही ड्रिल होते. आमची दुपारी चारला होती, म्हणजे धाकटीच्या झोपेची ऐन वेळ. ती साडेतीन वर्षांची, थोरला सात. आधी खोलीतल्या टीव्हीवर फिल्म पाहिली, मग भोंगा झाला: सात आखूड आणि एक लांब. आवाज असा की कपाटाचं दार थरथरलं. धाकटीने कान दाबून भोकाड पसरलं. थोरला मात्र बोटं मोजत म्हणाला, "आजी, सात शिट्ट्या झाल्या, कुकर बंद कर!" नंतर वाटलं, हे घरीच करायला हवं होतं. निघायच्या आधी आठ दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, सातवी झाली की सगळ्यांनी दाराशी जमायचं. भोंगा मग ओळखीचा वाटतो.

"बोट बुडणारे का?" हा प्रश्न येणारच. जावयाने "छे, छे, काही नाही" म्हणून टाळलं, तर पोरगं जास्तच घाबरलं. मी सांगितलं, शाळेत आग नसतानाही तुम्ही रांगेने मैदानात जाता ना, तशीच ही रांग. ते त्याला पटलं.

आता महत्त्वाचं. खोलीच्या कपाटात लाइफ जॅकेटं होती, पण सगळी मोठ्यांच्या मापाची. १५ किलोच्या आतल्या बाळांचं माप वेगळं, १५ ते ४३ किलोपर्यंतच्या मुलांचं वेगळं. आमची धाकटी १३ किलोची, थोरला २२. म्हणजे एकाच घरात दोन मापं. मोठ्याचं जॅकेट घातलेल्या मुलाने हात वर केले की ते कानांपर्यंत चढतं, पाण्यात तर डोक्यावरूनच निघेल. खोली पाहणाऱ्या मुलाला सांगितल्यावर त्याने दहा मिनिटांत दोन्ही आणून दिली, पण सांगावं लागलं. तेव्हा खोलीत शिरल्यावर बाल्कनीत फोटो काढण्याआधी कपाट उघडा. धाकटीला मांड्यांमधून जाणारा पट्टा अजिबात सहन होईना, आणि तो बांधून होतो न होतो तोच तिला सू लागली. आधी बाथरूम, मग जॅकेट, एवढं तरी माझ्याकडून शिका. जॅकेटला शिटी असते. ती मुलं वाजवणारच, धरून ठेवा.

जमायच्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात. त्याचं अक्षर छापलेला पट्टा मुलांच्या मनगटाला बांधतात, तो घरी येईपर्यंत काढायचा नाही. बाबागाडी खोलीतच ठेवा. खरी वेळ आली तर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून आम्ही जिन्यानेच गेलो. लाइफबोटीत कुणी बसवत नाही, त्यामुळे थोरला हिरमुसला. मुलं खेळघरात असताना भोंगा झाला तर काय, हे मी मुद्दाम विचारलं. आमच्या बोटीवर उत्तर मिळालं की तिथल्या ताई मुलांना थेट मस्टर स्टेशनवर आणतील, आईवडिलांनी उलटं धावायचं नाही. तुमच्या बोटीवर पद्धत वेगळी असू शकते, विचारून घ्या.

आमच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ, बडोद्याचेच, सगळा वेळ फोनवर होते. मला म्हणाले, "काकू, ही नुसती फॉर्मॅलिटी. चालशे." म्हणजे चालेल. मी सहसा परक्याशी वाद घालत नाही. पण १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत भरमसाट माणसं, बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नाही. बडोद्याच्या माणसाने पाण्यावर उभं राहून "चालशे" म्हणावं? मी तसं म्हटलं. त्यांनी फोन खिशात ठेवला. रागावले असतील, रागावू देत.

आणि ही फॉर्मॅलिटी कुठून आली तेही सांगते. पूर्वी मोठ्या बोटींवर प्रवासी चढल्यापासून २४ तासांत ड्रिल केली तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते.

जाता जाता, शहरातल्या ट्रॅव्हल एजंटांना आपल्या पत्रातून एक विनंती. आमच्या एजंटाने जेवण जैन हवं का हे तीनदा विचारलं. मुलांची वजनं एकदाही विचारली नाहीत. फॉर्ममध्ये तेवढा एक रकाना वाढवा.

आपली,
एक वाचक आजी
दांडिया बाजार, बडोदा