अटक पहिल्या पानावर, निकाल कुठे?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत एस. हुसेन झैदी यांच्यावरचा लेख वाचला. शोधपत्रकार ते गुन्हेगारीवरच्या सत्यकथांचे लेखक हा त्यांचा प्रवास छान सांगितला आहे, पण सगळी जागा दाऊद आणि गंगूबाईने खाल्ली. आमच्या जावईबापूंनी तो लेख मोठ्याने वाचला आणि 'डोंगरी टू दुबई' या पुस्तकापाशी येऊन चहा मागितला. मला त्याच्या दहा वर्षे आधीचे, २००२ चे, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचे 'ब्लॅक फ्रायडे' जास्त मोलाचे वाटते. लेखात त्यावर दीड ओळ होती.

मी न्यायालयात लघुलेखिका होते. २९ वर्षे साक्षीपुरावे टंकले. सरतपास, उलटतपास, पंच फितूर, मुद्देमाल ओळखला, नाही ओळखला. त्यामुळे माणसाने कागद वाचून लिहिले आहे की पोलिसांकडून ऐकून, ते मला दोन पानांत कळते. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले. त्यावर रडवणारे पुस्तक कुणीही लिहिले असते. कट कोणी रचला, माल कुठे उतरला, कोण कोणाला कधी भेटले, हे झैदींनी एकापुढे एक असे लावले आहे की मला ते एखाद्या खटल्याच्या रोजनाम्यासारखे वाचता आले. हे काम वर्षानुवर्षे पोलीस ठाणी आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय होत नाही.

त्याच पुस्तकावरचा चित्रपट तयार झाला तेव्हा टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयात खटला चालू होता. आरोपी उच्च न्यायालयात गेले आणि प्रदर्शन थांबले. चित्रपट पडद्यावर आला तो ९ फेब्रुवारी २००७ ला, दोषी कोण हे टाडा न्यायालयाने सांगायला सुरुवात केल्यानंतर. त्या वेळी पुष्कळ लोक चिडले होते. मला ती स्थगिती पटली होती, आजही पटते. (आमच्या घरात याबाबतीत मी एकटी आहे.)

झैदींच्या हाताखाली काम केलेल्या पत्रकार जिग्ना व्होरा यांचा तर लेखात उल्लेखच नाही. ११ जून २०११ ला पत्रकार जे. डे यांचा पवईत भरदिवसा खून झाला. त्या प्रकरणात नोव्हेंबरमध्ये व्होरांना अटक झाली, नऊ महिने भायखळ्याच्या तुरुंगात काढले आणि २०१८ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. पुढच्या वर्षी त्यांनी तुरुंगावर पुस्तक लिहिले. बातमी लिहिणारी बाई बातमीत गेली आणि मग तिने स्वतःच पुस्तक लिहिले. झैदींवर लिहिताना हे कसे सुटले?

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे एका खेड्यातल्या पोराला खुनाच्या गुन्ह्यात धरले. पेपरात फोटो, चार कॉलम, 'नराधम' हा शब्द दोनदा. चार वर्षांनी तो सुटला. त्याचा बाप दुपारच्या उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून, ते कात्रण घेऊन माझ्या टेबलापाशी आला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवले होते. म्हणाला, "ताई, पोऱ्या सुटना, हाई छापतीन का पेपरमा?" मी त्याला पेपरच्या कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. छापून आले नाही. निकालाच्या दिवशी कोर्टात एकही वार्ताहर नव्हता. पहिल्या रिमांडला मात्र पाच होते, त्यातला एक माझ्या खुर्चीवर चढून फोटो काढत होता.

एवढ्या वर्षांत निकालाच्या नकलेसाठी अर्ज करणारे वार्ताहर मी दोनच पाहिले. त्यातला एक पुढे विमा एजंट झाला. दोष पोरांचा नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे जे मिळते त्यात एसटीचे भाडे निघत नाही, आणि जाहिराती आणायच्या त्या वेगळ्या. मग तो पोलिसांची प्रेसनोट जशीच्या तशी पाठवतो. असा माणूस दहा वर्षांनी पुस्तक लिहिणार तरी कशावर?

तेव्हा आपल्याकडे एकच मागणे आहे. अटकेची बातमी ज्या पानावर छापाल, निकालाची त्याच पानावर छापा, सुटला तरी आणि शिक्षा झाली तरी. पूर्वी नकलेला दिवस लागत, आता जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. खटल्याचा क्रमांक तेवढा वहीत टिपून ठेवायला सांगा तुमच्या वार्ताहराला. त्या बापाचे कात्रण माझ्याकडेच राहिले आहे. कधी लागले तर पाठवते.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका
(कृपया नाव छापू नये)
अमळनेर, जि. जळगाव